भावोजींचं मलम

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, धंद्याने बेकरीवाले आणि स्वभावाने मास्तर. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना पिठाच्या हिशेबाने समजावता येते, आणि ती ते समजावतातच, तुम्ही विचारा किंवा विचारू नका. शेजाऱ्याशी भांडण झालं? झाकून ठेवा, उद्यापर्यंत मऊ होईल. पोरगं अभ्यासाला बसत नाही? ऊब कमी पडतेय, झाकून ठेवा. मळलेलं पीठ वरून नीट झाकलं की फुगतं, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी शिकवलं. तेवढ्या शिदोरीवर भावोजींनी सगळा संसार केला.

मी त्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसते. माझे यजमान गेले तेव्हा ताईने मला हाताला धरून इथे आणलं आणि या उंच स्टुलावर बसवलं, ती आजतागायत बसलेली आहे. मी तोंडाने जरा फटकळ आहे. त्यामुळे आमच्या दुकानात रांग मोडायची कुणाची हिंमत होत नाही. माझ्या पाठीमागे एक दार, दारापलीकडे मधोमध झिजून खोलगट झालेलं लांब टेबल, पीठ मळायचं यंत्र, ट्रेची चाकगाडी आणि भिंतीत भट्टी. भावोजींचं राज्य ते.

तर झालं असं की भावोजींच्या हातांना खाज सुटली. मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे. मैद्यात वावरणारा माणूस, वर दिवसातून दहादा कडक साबणाने हात धुणार, मग कातडी किती सोसेल? पीठ खरवडायच्या पत्र्याने ते हात खाजवताना ताईने पाहिलं आणि तो पत्रा तिथल्या तिथे कचऱ्यात फेकला. मग स्वारी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. एकटी गेली, हीच आमची चूक. बाईंनी तिथे नक्की काय काय सांगितलं असेल ते देव जाणे. भावोजी घरी आले ते मलमाची ट्यूब नाचवत, आणि सांगण्यासारखं त्यांच्याकडे एकच वाक्य होतं: हे लावायचं. बाकीचा वेळ त्यांनी बाईंना यीस्ट समजावण्यात घालवला होता.

खाज थांबली. पण भावोजीही थांबल्यासारखे झाले. मैद्याच्या पोत्यांना टेकून भर सकाळी घोरायला लागले. एकदा भट्टीत ब्रेडचा अख्खा घाणा कोळसा झाला आणि हे शेजारीच उभ्या उभ्या पेंगत होते. एकदा गोड बनमध्ये साखरेच्या जागी मीठ गेलं. गिऱ्हाइकं हसली, मीही हात धुऊन घेतले. मी त्यांना कुंभकर्णाचा धाकटा भाऊ म्हणाले, भट्टीपेक्षा पलंग घ्या म्हणाले. एरवी माझ्या एका टोमण्याला दोन परत करणारा माणूस, पण तो नुसता बघत राहिला. तेव्हापासून मी टोमणे बंद केले.

मग एका दुपारी समोरचा मोबाइलवाला टेप घेऊन आमच्या दुकानाची मापं काढायला आला. मी विचारलं, हा काय प्रकार? तो म्हणाला, काका सोमवारी जागा मला देतायत, कागद तयार आहेत. मी तशीच उठून आत गेले. भावोजी पोत्यावर बसले होते. मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "तुमच्या ताईला इतक्यात सांगू नका. माझं बाबांसारखं होतंय. त्यांनाही आधी अशीच झोप यायची. मग ते भट्टी विसरले. मग मला विसरले. पेटती भट्टी विसरून कुणाचा जीव घेण्याआधी मी दुकान देऊन टाकतो."

मी त्यांच्या खांद्यावरचा मैदा झटकला. ताईच्या नवऱ्यावर माझा किती जीव आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी बाजारात निघाले तर भावोजींनी रिकामी ट्यूब हातात दिली, येताना एक नवीन आणा म्हणाले. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी ती ट्यूब उलटसुलट केली आणि कपाळाला आठ्या घातल्या. इतक्यात संपली कशी? हे मलम मुळात थोडे दिवसच लावायचं असतं, तेही चट्ट्यापुरतं, पातळ. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, त्यांना हल्ली फार झोप येते का? मी म्हटलं, भट्टीशेजारी उभ्या उभ्या पेंगतात. वरून काही गुंडाळतात का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. मी म्हटलं, बाह्या हल्ली कायम खाली असतात, आत कोण बघतंय? त्यांनी ट्यूब द्यायला साफ नकार दिला, डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि मला म्हणाल्या, आधी जाऊन हात बघा.

मी भाजी न घेताच परतले. गिऱ्हाइकांच्या देखत भावोजींची बाही वर सरकवली. आत कोपरापर्यंत प्लॅस्टिकचा पातळ कागद, पीठ झाकायचा तोच, घट्ट गुंडाळलेला, आणि त्याखाली केकवर क्रीम थापावं तसं मलम. दोन्ही हातांना.

"झाकल्याशिवाय मुरेल कसं?" भावोजी म्हणाले. त्यांना खरोखरच माझ्या अज्ञानाचं आश्चर्य वाटत होतं.

ताईने कागद सोडवला, हात धुऊन दिले आणि आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. या खेपेला बोलायची मुभा फक्त बाईंना होती. त्यांनी न चिडता सांगितलं, की हे औषध कातडीतून रक्तात उतरतं आणि झोप आणतं. जाड थर, मोठी जागा आणि वरून गुंडाळलेलं, मग ते कितीतरी जास्त आत जातं. गुंडाळायचं नाही, दोन वेळांमध्ये अंतर ठेवायचं, सांगितलेल्या दिवसांच्या वर लावायचं नाही, झोप येत असेल तर गाडीला आणि भट्टीला हात लावायचा नाही, हे सगळं त्यांनी पहिल्या दिवशीही सांगितलं होतं. दुसरी काही गोळी चालू आहे का, हेही त्यांनी विचारलं होतं. भावोजी नाही म्हणाले होते. खरं तर मैद्याने शिंका येतात म्हणून ते रोज एक गोळी घेत होते, तीही झोप आणणारी.

"ती नाकाची आहे," भावोजी म्हणाले. "हे हाताचं."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. ताईने कपाळाला हात लावला. अति तिथे माती म्हणतात, आमच्याकडे तर मातीवर पुन्हा लिंपण.

मग भावोजींनी खाली बघत विचारलं, "म्हणजे बाबांसारखं नाही ना?" ताईला तेव्हा सगळं कळलं. तिने त्यांचा तो लाल हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. बाई म्हणाल्या, आत्ताच शब्द देत नाही, आधी या दोन्ही औषधांचा अंमल उतरू दे, मग मी नीट तपासते.

पुढचे दिवस भट्टी ताईने आणि मी चालवली. आमचा ब्रेड एका बाजूने कच्चा आणि दुसऱ्या बाजूने करपलेला. गिऱ्हाइकांनी तोही नेला. भावोजी दारात खुर्ची टाकून हुकूम सोडत होते. आधी मधूनमधून पेंगत, मग न पेंगता, मग इतके सलग की ताई म्हणाली, यांना परत थोडं मलम लावूया का? सोमवारी सकाळी बाईंनी त्यांना पुन्हा तपासलं, बरंच काही विचारलं, उलटे आकडे मोजायला लावले, आणि म्हणाल्या, डोकं शाबूत आहे, हातांना साधं मलम लावा आणि साबण बदला.

आम्ही परत आलो तर मोबाइलवाला कागद घेऊन दुकानात उभा होता. भावोजींनी त्याला बसवलं, आत गेले, ॲप्रन बांधला. बाहेर येऊन म्हणाले, "हे दुकान माझ्या बाबांचं. ते मला विसरले, पण मी त्यांना विसरलेलो नाही. जागा दुसरीकडे बघ रे बाबा."

आणि मग त्यांना रडू फुटलं. भर दुकानात, रांगेसमोर, हसत हसत रडत होते. मी उठून सगळ्यांना सांगितलं, आज ब्रेडला उशीर होईल, थांबायचं असेल त्यांनी थांबा. एकही माणूस हलला नाही.