ऐनाचा शेंडा

आधीच सांगते, मी सायन्सची मुलगी. गावात कुणाच्या अंगात आलं की बाकीच्या बायका हळद-कुंकू घेऊन धावायच्या आणि मी त्या बाईची नाडी बघायला! माझे वडील, आबा, म्हणायचे, "ह्या पोरीला कशाचीच भीती नाय." खरंच नव्हती. तेव्हा पुढचं वाचून हसलात तरी माझी हरकत नाही... मीही हसले असते.

मुरबाडहून माळशेजला जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडे माझं माहेर. साल अठ्ठ्याण्णव असेल. मी मुरबाडला कॉलेजात, जीपने जाऊन-येऊन. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात — राब म्हणतात त्याला. त्यासाठी माळावरच्या ऐनाच्या झाडांच्या फांद्या छाटायच्या, वाळवायच्या आणि वाफ्यावर पसरून पेटवायच्या. कामं सावडीने, म्हणजे आज तुम्ही आमच्याकडे, उद्या आम्ही तुमच्याकडे. त्या सावडीतच ओढ्यापलीकडचा हेमंत आमच्याकडे आला आणि माझं भारे बांधण्यातलं लक्ष उडालं.

काय सांगू... झाडावर तो, खाली मी. वरून पानं पडत होती आणि मला वाटत होतं, हे काम संपूच नये. छाटताना एक गोष्ट सगळे पाळतात — झाड पार बोडकं केलं तरी शेंडा राखायचा. हेमंतने नेमका तोच तोडला आणि माझ्या पुढ्यात टाकला.

"फूल नाय गावलं गो. हाच घे."

मी तो वेणीत खोवला. माझी वेणी तेव्हा कमरेखाली होती आणि मला तिचा भारी तोरा. आबांनी वर पाहिलं, त्यांचा चेहराच उतरला.

"शेंडा राखतात रे पोरा. झाडाचा जीव असतो त्यात."

हेमंत हसला. माझा मोठा भाऊ, दादा, मात्र हसला नाही. त्याचं लक्ष शेंड्याकडे नव्हतंच, माझ्या डोळ्यांकडे होतं. संध्याकाळी त्याने हेमंतला ओढ्यावर गाठून दम दिला, "परत आमच्या बांधावर दिसलास तर तोडून टाकीन."

मग काय, चोरून भेटणं सुरू! भर दुपारी मोहाच्या झाडाखाली. खाली फुलांचा सडा, त्यांचा तो गोड, उग्र वास... फारसं बोलायचोही नाही. ते दोन महिने मी तरंगतच होते. चैत्रात माळावरच्या सगळ्या ऐनांना पालवी फुटली, त्या एका ऐनाला नाही. मला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही.

राब पेटवला त्या सकाळी वारा पडलेला होता. आबा आणि दादा वरच्या वाफ्यावर, धूर सगळ्या शेतावर बसलेला. त्या धुरातून हेमंत खालच्या बांधावर आला आणि त्याने माझा हात धरला.

"लगीन करशील ना माझ्याशी?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं... आणि त्याच्यामागे धुरात एक माणूस दिसला.

उंच. उघडाबंब. डोक्यावर एक केस नाही. हातात कोयता. त्याला कसली घाई नव्हती. बांधावरची सागाची रोपं एकेका घावात उडवत तो येत होता. खच्च... खच्च... मला ओरडायचं होतं, पण सगळं इतकं संथ चाललं होतं की आपण झोपेतच आहोत असं वाटत होतं. मोहाचा वास येत होता. पुढचा आवाज हेमंतच्या पाठीत झाला.

तो माझ्या पायाशी कोसळला. कोयता पुन्हा वर गेला आणि मी हेमंतवर आडवी पडले. मला दुसरं काही सुचलंच नाही. मानेला गार पातं लागलं. खच्च! मान वळवून पाहिलं तर माझी वेणी त्या माणसाच्या मुठीत. त्याने ती आपल्या बोडक्या डोक्यावर ठेवली, नीट बसवली आणि आला तसा धुरात चालत गेला.

तेव्हा कुठे माझ्या तोंडून किंकाळी फुटली. सगळ्यांत आधी धावत आला तो दादा. राबाच्या कामात कोयता हातात असतोच, तसा त्याच्याही होता. शुद्ध जाण्याआधी हेमंतने तेवढंच पाहिलं.

हेमंत वाचला. पाठभर टाके पडले, तरी डॉक्टरांना त्याने कोयत्यावर पडलो म्हणून सांगितलं. माझ्यासाठी. पुढे दादानेच आबांना राजी करून आमचं लग्न लावून दिलं. आता आम्ही शहापूरला असतो.

तो माणूस कोण, कुठून आला, कुठे गेला... इतक्या वर्षांत मला उत्तर मिळालेलं नाही. माझी वेणीही सापडली नाही. तो दादा नव्हता, मी त्याचं तोंड पाहिलंय, हे हेमंतला कितीदा सांगितलं. तो माझा हात थोपटतो.

"सोड गो. मी कधीच माफ केलाय त्याला."

दादा दर भाऊबीजेला येतो. हेमंत त्याला आग्रहाने वाढतो, थट्टामस्करी करतो. फक्त त्याच्याकडे पाठ करत नाही. पाणी आणायला उठला तरी उलट्या पावलांनी स्वयंपाकघरात जातो. मला वाटायचं, दादाच्या ते लक्षात आलेलं नाही.

गेल्या भाऊबीजेला दादाने आपलं ताट स्वतः उचललं आणि तो भिंतीकडे तोंड करून जेवायला बसला.