आगरदांड्याची होडी

सुनेने नातीला आंघोळ घातली आणि टाळूवर वेखंड चोळलं. तो वास घरभर पसरला, की मला आगरदांड्याची खाडी आठवते.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. आमचा दोन महिन्यांचा मुलगा तापाने फणफणला होता. मुरूडच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पण परतताना आगरदांड्याच्या धक्क्यावरच त्याचा श्वास थांबला. घर खाडीपलीकडे, दिघीला. उतारूंच्या होडीत मयत घेत नसत. मला हुंदका फुटणार, तोच बायकोने माझा हात दाबला. सकाळच्या वेखंडाचा वास अजून टाळूला असलेल्या बाळाला पदराखाली घेऊन ती होडीत जाऊन बसली.

शेजारच्या कोळणीने वाकून पाहिलं. "निजला का गो? नशीबवान हायस. माझा तर होडीत बसला का बोंबलायचा."

"आत्ताच निजलाय," बायको म्हणाली आणि त्याला थोपटत राहिली.

म्हातारा नावाडी तिच्या हाताकडे बघत होता. तो होडी माघारी वळवील, या भीतीने मी त्याची नजर टाळत होतो. आज वाटतं, त्याला धक्क्यावरच कळलं असावं.

"गप बस गो," तो कोळणीवर खेकसला, "पोर उठंल."

दिघीला सगळे उतरल्यावर तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि त्याने हात पुढे केले. "वैनी, द्या माझ्याकडं. तुम्ही सांभाळून उतरा."

त्याने बाळाला घेतलं, निजलेल्या तान्ह्याला घेतात तसं, एक हात मानेखाली घालून.