गच्चीवरच्या मुंग्या

मुलीच्या हळदीसाठी कल्याणला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मंडप घालायला एक गृहस्थ आले होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मे संपत आलेला, म्हणून मी ताडपत्री टाकायला सांगितली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कठड्याजवळच्या मुंग्या निरखल्या.

"ताई, पाऊस येणार असता तर ह्या अंडी घेऊन निघाल्या असत्या. नुसतं कापड पुरे."

संध्याकाळी हळद लागली आणि पाऊस कोसळला. पाहुणे जिन्याकडे पळाले. हे गृहस्थ मात्र बाजूला गुंडाळून ठेवलेली ताडपत्री मुलीच्या डोक्यावर धरून स्वतः भिजत उभे राहिले.

"आणि तुमच्या मुंग्या?" मी ओरडले.

"गावच्या कधी चुकल्या नाहीत हो," ते खजील होऊन म्हणाले. "पण ह्यांना सातव्या मजल्यावर पुराची भीती कसली?"

पिवळीधमक मुलगी इतकी हसली, की मला रागावताच येईना.