इशारा देऊन खाली उतरलो

मी गाडी चालवायला बाजेवर बसून शिकलो. थट्टा नाही. उस्तादच्या अंगणात एक सुंभाची बाज होती. तिच्या कडेला मला बसवायचं, पायापुढं तीन विटा मांडायच्या आणि हातात सायकलची गंजलेली रिम द्यायची. डावी वीट क्लच, मधली ब्रेक, उजवी अॅक्सिलरेटर. गिअरच्या जागी जमिनीत एक तुराटी रोवलेली. पहिला महिनाभर मी त्या बाजेवरून जवळा बाजार ते हिंगोली अशा कितीतरी खेपा केल्या. तोंडानं इंजिनाचा आवाज काढावा लागे. आवाज चुकला की उस्ताद छडीनं विटेवर टकटक करायचा, कारण गिअर बदलायची वेळ त्या आवाजावरून कळली पाहिजे असा त्याचा नियम होता. त्याची बायको चुलीपुढून विचारायची, "कुठवर पोचलं पोरगं?" उस्ताद गंभीरपणे सांगायचा, "औंढा मागं पडलं. आता उतार है, बोलायचं न्हाई."

उस्ताद निजामाच्या काळापासून गाडी चालवत होता. आता त्याच्याकडे लष्करातून मोडीत निघालेली, डिस्पोजलची एक जुनी जीप होती. बाजाराच्या दिवशी तो तिच्यात दहा-बारा माणसं, दोन-तीन शेळ्या आणि भाजीची गाठोडी भरून न्यायचा. एवढं भरूनही त्याच्या हातून कधी कोंबडीसुद्धा मेली नव्हती. मला तो फुकट शिकवायचा. काहून, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, तुझा बाप चांगला माणूस आहे आणि त्याला बसायला एक खुर्ची पाहिजे.

माझा बाप सालगडी होता. गावच्या मालकांकडे त्याची बावीस सालं भरली होती. दर पाडव्याला साल संपायचं, दर पाडव्याला मालकांच्या ओट्यापुढं उभं राहून बाप पुन्हा मान हलवायचा आणि नवं साल सुरू व्हायचं. मी मॅट्रिक झालो होतो. तेवढ्यात एका सरकारी खात्यात ड्रायव्हरची जागा निघाली. राखीव जागा होती, मुलाखतीचं पत्र आलं होतं. फक्त मुलाखतीच्या दिवशी हातात पक्कं लायसन पाहिजे होतं. मुलाखत पाडव्याच्या चार दिवस आधी. बापानं पत्र उलटंसुलटं पाहिलं, वाचता येत नव्हतं तरी, आणि म्हणाला, "तू लागलास की मी यंदा मान न्हाई हालवत." त्याच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. लायसनची परीक्षा घेणारे साहेब बाहेरून यायचे, महिन्यातून एकदा, डाक बंगल्यावर. म्हणजे नापास झालो तर पुढचा महिना, आणि पुढच्या महिन्यात पाडवा होऊन गेलेला असणार. मला एकच संधी होती.

दुसऱ्या महिन्यात उस्तादनं जीपला हात लावू दिला. तोही असा की आधी चार दिवस नुसतं रस्त्याकडेला बसून जाणारी-येणारी वाहनं बघायची. त्याच्या शाळेत गाडी चालवणं कमी आणि बाकीच्यांचं ध्यान ठेवणंच जास्त होतं. बैलगाडीमागं हॉर्न वाजवायचा नाही, कारण बाजारातून परतणारा गाडीवान हमखास झोपलेला असतो. हॉर्ननं तो जागा होत नाही, बैल मात्र उधळतात. म्हैस रस्ता ओलांडत असेल तर तिच्या मागून जायचं, शेळी असेल तर थांबायचं, कारण शेळी अर्ध्यातून परत फिरते. एसटी समोरून आली की आपण कच्च्यात उतरायचं. एसटीचा ड्रायव्हर कच्च्यात उतरलेला कुणी पाहिला नाही. आणि हाताचे इशारे. उजवीकडं वळायचं तर हात सरळ बाहेर, डावीकडं वळायचं तर हात गोल फिरवायचा, थांबायचं तर हात कोपरातून वर. हे इशारे मी इतके घोटले की घरी जेवताना डाळ नको म्हणायचं असलं तरी आईला थांबण्याचा इशारा करायचो.

मी चांगला शिकलो होतो. हे मी आता फुशारकीनं सांगत नाही. उस्ताद मागं बसून डुलक्या घेऊ लागला होता, यापेक्षा मोठी पावती त्याच्याकडे नव्हती.

परीक्षेच्या दिवशी डाक बंगल्यापुढच्या मैदानात चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. मी त्या रेघांमधून जीप उलटी नेली, इंग्रजी आठ काढला, चढावर थांबवून मागं न सरकवता पुन्हा उचलली. माझ्या आधीच्या एकानं ड्रम पाडला होता, दुसऱ्यानं साहेबांच्या पट्टेवाल्याला बांधावर चढवलं होतं. साहेब माझ्यावर खूश दिसले. पाण्याचा पेला पिऊन ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, चला, आता औंढ्याच्या रस्त्यानं एक चक्कर, की झालं.

ती चक्कर मी डोळे मिटून आजही मारून दाखवीन. पहिला, दुसरा, डबल क्लच, तिसरा. एक बैलगाडी गेली, हॉर्न न वाजवता. एक म्हैस गेली, तिच्या मागून. साहेबांनी खिशातून पेन काढलं. आणि पुढं वळणावर, लिंबाच्या सावलीत, पांढरंशुभ्र धोतर, तांबडा फेटा, बगलेत छत्री असे आमचे मालक एसटीची वाट बघत उभे होते. तहसिलीत काही काम होतं त्यांचं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात मालकांच्या घरापुढून आमच्या वस्तीतलं कुणी सायकलवर बसून जात नसे. उतरायचं, सायकल हातात धरून घर ओलांडायचं, मारुतीच्या पारापाशी पुन्हा बसायचं. मालक रस्त्यात कुठं दिसले तरी तेच. बापाच्या पिढीला चपलाही हातात घ्याव्या लागत. माझ्या पिढीला चपलांची सूट मिळाली होती, आणि आम्ही ती फार मोठी सुधारणा मानत होतो. आमच्या वस्तीनं धम्म घेऊन सतरा-अठरा वर्षं झाली होती. घरातले देव गेले होते. सायकलवरून उतरणं राहिलं होतं. ते कुणी सांगून करत नव्हतं. शिंक यावी तसं ते आपोआप व्हायचं.

तर मी काय केलं. मी नियमाप्रमाणे हात कोपरातून वर करून थांबण्याचा इशारा दिला. आरशात पाहिलं. जीप रस्त्याच्या कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, आणि साहेबांना शेजारी तसंच बसवून खाली उतरलो. स्टिअरिंगला एक हात लावून, सायकल धरावी तसा, मान खाली घालून उभा राहिलो. इंजिन चालूच होतं. इतक्या नियमानं खाली उतरलेला ड्रायव्हर त्या साहेबांनी आयुष्यात पाहिला नसेल.

साहेबांना वाटलं, चाक बसलं. त्यांनी वाकून टायर पाहिलं. मग विचारलं, काय झालं?

मी म्हणालो, "मालक हायेत."

साहेबांनी मालकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मालकांना तर कोण आनंद. ते छत्री टेकत जवळ आले आणि साहेबांना म्हणाले, "आमच्या सालगड्याचं पोरगं हाय हे. शिकलं, पन बिघडलं न्हाई."

मला तेव्हा कळलं की मी खाली उभा आहे. त्याआधी खरंच कळलं नव्हतं. मी घाईनं वर चढून बसलो. पण साहेब पेनानं कागदावर काहीतरी लिहीत होते. आवाज न चढवता ते म्हणाले की रस्त्यात चालू इंजिन सोडून जो ड्रायव्हर उतरतो, त्याच्या हाती मी लोकांचा जीव देऊ शकत नाही. पुढच्या महिन्यात ये. मी त्यांना मुलाखतीचं सांगितलं, पाडव्याचंही सांगितलं. ते म्हणाले, गाडीला पाडवा कळत नाही. साहेब चुकले नव्हते. त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं.

घरी बापाला मी सांगितलं की ड्रम पाडला. खरं सांगायची हिंमत झाली नाही. पण मालकांनी संध्याकाळी ओट्यावर ती हकीकत चार लोकांत रंगवून सांगितली होती, आणि तिथं बाप बैलांना पाणी दाखवत उभा होता. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. पाडव्याला बापानं अंगावर धुतलेला सदरा घातला, ओट्यापुढं गेला आणि मान हलवून आला. तेविसावं साल.

उस्तादला मात्र मी सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "गलती मेरी है. म्हैस शिकवली, शेळी शिकवली, हे शिकवायचं राह्यलं."

आणि दुसऱ्या दिवशी त्यानं शिकवणी सुरू केली. जवळा बाजारच्या रस्त्यावर एका बाभळीखाली तो स्वतः उभा राहिला. बायकोचं तांबडं लुगडं डोक्याला गुंडाळून फेटा केलेला, बगलेत मोडकी छत्री, तोंडात पान. मी जीप घेऊन त्याच्यापुढून जायचं, न थांबता, वेग कमी न करता. सोपं वाटतं ना? पहिल्या खेपेला माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. दुसऱ्या खेपेला ब्रेकवर गेला नाही, पण अॅक्सिलरेटरवरून उठला. उस्ताद दर वेळी हातानं परत फिर म्हणायचा. पाचव्या-सहाव्या खेपेपासून त्यानं खोकायला सुरुवात केली, अगदी मालकांसारखं, आधी दोन लहान आणि मग एक लांब. मग पिंक टाकून म्हणायचा, "काहून रे, उतरत न्हाईस?" समोर लुगडं गुंडाळलेला माझाच उस्ताद आहे हे मला माहीत होतं, माझ्या पायाला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाय ताब्यात आला. मी तिसऱ्या गिअरमध्ये, मान वर ठेवून, त्याच्यापुढून सरळ निघून गेलो. खुशीत जीप वळवून परत आलो, तर बाभळीपाशी एक बैलगाडी थांबलेली. साखरा गावाकडचा कुणी म्हातारा गाडीवान. त्यानं लांबून फेटा आणि छत्री पाहिली होती. बैल थांबवून तो खाली उतरला होता आणि उस्तादपुढं कमरेत वाकून उभा होता. उस्तादनं घाईघाईनं लुगडं डोक्यावरून काढलं. म्हाताऱ्यानं त्याचं टक्कल पाहिलं, चेहरा पाहिला, आणि गाडीवर चढून निघून गेला. उस्ताद लुगडं मांडीवर घेऊन बाभळीखाली बसून राहिला. त्या दिवशी पुढं शिकवणी झाली नाही.

पुढच्या महिन्यात मी पास झालो. तेच साहेब होते. लिंबाचं वळण आलं, खाली कुणीच नव्हतं. साहेब मिश्कीलपणे म्हणाले, "काय रे, आज उतरायचं नाही का?" मी रस्त्यावरची नजर काढली नाही, म्हणून कदाचित त्यांनी मला दोन मार्क जास्त दिले असतील.

लायसन हातात आलं, नोकरी गेलेली होती. उस्तादचे डोळे अधू होत चालले होते, म्हणून बाजाराची खेप तो मला देऊ लागला. पहिल्याच खेपेला मी बापाला हट्टानं पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसवलं. गावात मी अजून जीप आणली नव्हती, तो पहिलाच दिवस. वाट मालकांच्या घरापुढून जात होती. ओट्यावर मालक बसलेले होते, खरे, लुगड्याचे नव्हे. मी मान वर केली. पाय माझ्या ताब्यात होता, दुसरा गिअर होता, मी जाणार होतो.

बापानं माझ्या हातावर हात ठेवला. "थांबीव."

"काहून?"

"थांबीव म्हन्लं ना, लेकरा."

मी थांबवली. इशारा न देता. बाप खाली उतरला. वाकून त्यानं चपला काढल्या, हातात घेतल्या आणि जीपच्या पुढं चालू लागला. मालक ओट्यावरून माझ्याकडे बघत होते. मी उतरलो नाही. पण बापाला मागं टाकून पुढंही जाता येईना, तो रस्त्याच्या मधूनच चालत होता. मी पहिला गिअर टाकला आणि अर्धा क्लच दाबून, जे उस्तादनं कधीच करू दिलं नसतं, बापाच्या मागं मागं, त्याच्या टाचेला धक्का लागणार नाही एवढं अंतर राखून, जीप चालवत राहिलो. त्या घराची भिंत इतकी लांब आहे हे सायकल हातात धरून जाताना कधी जाणवलं नव्हतं.

मारुतीच्या पाराशी बाप थांबला. चपला घातल्या, धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं आणि वर येऊन बसला. थोडा वेळ त्यानं समोरच्या काचेतून रस्ता पाहिला. मग म्हणाला, "लय जपून चालवतोस रे तू."

मी दुसरा गिअर टाकला.