पार्लरच्या भिंतीवरची दाढी

ब्यूटी पार्लरच्या भिंतीवर मी सौंदर्यदेवतेचं चित्र काढलं आणि तिला दाढी लावली. काळी, कुरळी, छातीवर रुळणारी. चेहरा पार्लरच्या मालकिणीचा होता.

हे वाचून तुम्हाला जे वाटलं, तेच माझ्या बायकोला वाटलं. फरक एवढाच, की ती ते मोठ्याने बोलली आणि शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

मालकीण मूळची बुरोंडी गावची, जन्मली मुलगा म्हणून. शिमग्याला घरोघर नाचणाऱ्या गावच्या खेळ्यांत ती साडी नेसून राधा नाचायची, तेव्हा गाव शिट्ट्या मारायचं. शिमगा संपल्यावरही तिने साडी सोडली नाही, तेव्हा त्याच गावाने तोंड फिरवलं. आईने फिरवलं नाही, पण मान वर करून बघितलंही नाही. मुलगी मुंबईला निघाली तेव्हा डब्यात सुके बोंबील भरून दिले, तेवढंच. मुंबईत उपचार झाले, ब्यूटीचं काम शिकून झालं, आणि आता रत्नागिरीत स्वतःचं पार्लर. उद्घाटनाला आई येणार होती. लेकीला लेक म्हणून पहिल्यांदाच बघणार होती.

‘‘काका, ग्रीक देवी काढा,’’ ती म्हणाली होती. ‘‘पण चेहरा माझा. आई आत आली की आधी चित्र दिसू दे. एकदम माझ्याकडे बघायला तिला जड जाईल. चित्राकडे बघायला काय लागतं?’’

इतकं सरळ काम. पण मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर. सरळ काम सरळ करायची सवय नाही. मोबाईलवर ग्रीक पुराणं उघडून बसलो. तिथे एक मुलगी समुद्रदेवाकडे पुरुष होण्याचा वर मागते आणि होते. एक द्रष्टा सापांच्या जोडीला काठी मारतो आणि बाई होऊन संसार थाटतो. आणि सायप्रस बेटावर खुद्द सौंदर्यदेवतेची मूर्ती दाढीवाली! तिच्या पूजेत म्हणे पुरुष बायकांचे कपडे घालत आणि बायका पुरुषांचे. म्हणजे शिमगाच की! मला घरात बसवेना. स्कूटर काढली, आरे-वारेच्या चढावर थांबलो, समुद्राला ही बातमी मनातल्या मनात दिली आणि तसाच पार्लरमध्ये गेलो. भिंतीवर चादर लावून, तिला न दाखवता, दोन्ही रूपं एका चेहऱ्यात आणली. स्वतःवर इतका खूश मी पूर्वी फक्त लग्नात होतो.

तिने चादर ओढली. तिचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीकडे गेला.

‘‘काका, ही घालवायला मी तोंडावर चटके सोसलेत. तुम्ही एका दुपारात परत लावलीत?’’

मी सायप्रस सांगायला लागलो.

‘‘त्या देवीला हवी असेल तर तिने ठेवावी. मला विचारलंत का?’’ मग जवळ जाऊन बघितलं. ‘‘आणि हे नाक कुणाचं?’’

‘‘ग्रीक. कपाळापासून सरळ. सौंदर्याचा आदर्श मानतात.’’

‘‘माझं नाक आईचं आहे. बसकं. ते तरी आईला ओळखू येऊ दे.’’

तेव्हापासून मला चैन नव्हतं. नाक लगेच बसकं केलं. दाढी मात्र निघेना. काळ्यावर कातडीचा रंग दिला, की ओला असताना छान. वाळला की हनुवटीवर निळसर छटा. पुन्हा हात, पुन्हा छटा. हवा दमट, रंग सुकायला तयार नाही. मी पंखा लावायचो, पंखा हलवायचो, घरी जायचो, जेवताना उठून परत यायचो. बायको म्हणाली, ‘‘ताट तिकडेच पाठवू का?’’ दाढी रोज नव्याने उगवत होती. स्वतःची करायची मात्र मला सुचत नव्हती.

ती एकदा मागे उभी राहून बघत होती. मी वैतागून म्हणालो, ‘‘जातच नाही गं!’’

‘‘हो ना,’’ ती म्हणाली. ‘‘मी रोज सकाळी आरशासमोर हेच म्हणायचे.’’ आणि पहिल्यांदा हसली. मला हसता आलं नाही.

उद्घाटनाच्या सकाळी छटा अजून होती. मी शेवटचा हात देत असतानाच आई दारात आली. ठेंगणी, ठसठशीत कुंकू, हातात पिशवी. पिशवीचा वास आधी आत आला. लेक आरशापाशी जाऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडवत होती.

ठरल्याप्रमाणे आईने आधी चित्र बघितलं. नाकावर नजर थांबली. मग हनुवटीवर. मी ब्रश पाठीमागे लपवला, तो शर्टाला लागला.

आई चित्रापासून वळली आणि सरळ लेकीकडे चालत गेली. पिशवी खाली ठेवली. तिची हनुवटी बोटांत धरून चेहरा उजेडाकडे फिरवला, बाजारात मासळी निरखावी तसा, अगदी निवांत. लेकीने डोळे मिटले होते.

‘‘काय ओ मास्तर,’’ आई हनुवटी न सोडताच म्हणाली, ‘‘माझी चेडू, माझी लेक एवढी देखणी समोर असताना हे काय काढलात? पुसून टाका ते. आणि आधी आपली दाढी करा, अंगणातल्या केरसुणीसारखे दिसताय.’’