लगाम कुणाच्या हातात होता

धाकट्या मालकांनी माझ्या दंडावरचा बिल्ला सोडवला आणि आपल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधला.

ओसरीवर त्यांचा मुंबईचा पाहुणा बसला होता. तो हसता हसता खोकायला लागला. मी हात तसाच पुढे करून उभा.

बिल्ला पितळी. वर माझा नंबर. भाड्याचा टांगा हाकायचा तर तो लागतोच. त्याच्यासाठी मी ठाण्याच्या कचेरीत तीनदा गेलो होतो. साहेबासमोर घोडी जुंपून दाखवली, वळवून दाखवली, उतारावर थांबवून दाखवली. आमच्या घरात सरकारी शिक्क्याची ती पहिलीच वस्तू.

"बिल्ला जनावराला लागतो," धाकटे मालक म्हणाले. "आज टांगा मी हाकतो. तू मागे बस."

मी कुत्र्याच्या गळ्यातून बिल्ला सोडवला. कुत्र्याने माझा हात चाटला. मी मागे जाऊन बसलो.

खरं सांगतो. मला त्यांचा राग येत नव्हता. मी जळत होतो. आम्ही दोघं एका वयाचे. थोरल्या मालकांचे पाच टांगे टेशनावर लागायचे, त्यातला एक माझ्याकडे. घोडीचे चणे मी भिजवायचो, खूर मी साफ करायचो, ती ओळखायची मला. पण ती त्यांची. धाकट्या मालकांच्या अंगात काळा कोट असायचा, हाडाच्या बटणांचा. त्या कोटाकडे मी इतकं बघितलं होतं की तिसऱ्या बटणाला चीर गेलीय हे मला ठाऊक होतं. त्यांना हाकता येत नव्हतं. वळणावर लगाम खेचायचे, घोडीचं तोंड फाटायचं. तरी त्यांना कोणी विचारत नव्हतं. मी त्यावरही जळायचो. वाईट हाकायची मोकळीक. तीसुद्धा त्यांनाच.

टेशनाकडून नौपाड्याच्या बाजूला रस्ता सरळ होतो. दोन्हीकडे भातखाचरं. तिथे त्यांनी चाबूक उचलला. पाहुणा शेजारी बसून "अजून, अजून" करत होता.

मी मागे तोंड करून बसलेलो. म्हणून कोंडू मला येताना दिसला नाही. टांगा एकदम उचलला गेला, आपटला, आणि मग तो मला दिसला. चाकाखालून मागे पडलेला. मिठाची टोपली दूर, मीठ सगळ्या रस्त्यावर.

कोंडू कोपरीचा, मिठागरावरचा. ऊन फार असलं की मी त्याला पायरीवर उभा राहू द्यायचो. उतरताना म्हणायचा, "तुजी घोरी लय गुनाची हाय."

मी उडी टाकून त्याच्याकडे धावलो. माझ्या मांडीवर त्याचं डोकं होतं. मेला.

शेतातून माणसं धावत यायला लागली. तेवढ्यात धाकटे मालक घोडी वळवून माझ्याजवळ आले. लगाम माझ्या हातात कोंबला.

"धर."

मी धरला. लोक आले तेव्हा तो माझ्याच हातात होता. आणि मनात आलं, घोडी परत मिळाली. कोंडू समोर पडलेला असताना मला हे वाटलं.

पाहुणा संध्याकाळच्या गाडीने निघून गेला. त्याने म्हणे काही पाहिलंच नव्हतं.

थोरल्या मालकांनी मला आत बोलावलं. आत म्हणजे खरोखर आत, दिवाणखान्यात. कधी नव्हे ते बसायला सांगितलं.

"बिल्ला तुझा, टांगा तुझ्या ताब्यातला. घोडी बिथरली, आवरली नाही, एवढंच सांग. बाकीचं आम्ही बघू. तू आम्हांला पोरासारखा."

मग त्यांनी खुंटीवरचा धाकट्यांचा तो काळा कोट काढला. "उद्या घालून ये. कचेरीत नीट दिसायला हवं."

मी हो म्हणालो. भीतीने म्हणालो असं लोकांना सांगत आलो. भीतीने नाही. कोटासाठी म्हणालो.

सकाळी कोट घालून कचेरीत गेलो. खांद्यात बरोबर बसला होता. व्हरांड्यात भिंतीला टेकून एक बाई बसलेली. मी आलो तशी उठली, पदर सावरला, बाजूला झाली. कोंडूची बायको. तिने मला कधी पाहिलं नव्हतं.

"मालक," ती म्हणाली, "माजे घोवाला मारला तो टांगेवाला कंचा?"

मालक. जन्मात पहिल्यांदा मला कोणी मालक म्हणालं. गोड लागलं. कसं सांगू, क्षणभर गोडच लागलं. मग कळलं. हिच्या नवऱ्याच्या प्रेतावर पाय देऊन मी मालक झालो होतो.

मी कोट काढला. तिथेच, तिच्यासमोर. घडी करून बाकावर ठेवला आणि बंडीवर आत गेलो.

"टांगा धाकटे मालक हाकत होते," मी म्हणालो.

कारकुनाने टाक थांबवला. "लोकांनी लगाम तुझ्या हातात पाहिला."

"पाहिला. माणूस मेल्यावर."

थोरले मालक खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

धाकट्या मालकांना समज देऊन सोडलं. माझा बिल्ला काढून घेतला, कारण बिल्ला नसलेल्या माणसाला मी टांगा दिला. तेवढं बरोबर होतं. मी मागे जाऊन बसलो होतो. कोंडूच्या बायकोला काही मिळालं नाही. मागायचं कुणाकडे, हेही तिला कुणी सांगितलं नाही. तिने मिठागरावर नवऱ्याची जागा धरली. मी टेशनावर ओझी उचलायला लागलो.

जळणं काही संपलं नाही. त्यांना सगळं करून मोकळं सुटता येतं, यावर मी आजही जळतो. पण त्यांच्या जागी जाऊन बसावंसं वाटत नाही. त्यांना त्या जागेवरून खाली ओढावंसं वाटतं.

पुढच्या महिन्यात धाकटे मालक पुन्हा टांगा घेऊन निघाले. मागे उतारू बसवून, तसेच भरधाव. मी डोक्यावरची पेटी खाली ठेवली आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. घोडीने मला ओळखलं. थांबली. मी तिच्या तोंडाजवळ लगाम धरला.

"उतर," मी म्हणालो.

चाबूक खांद्यावर बसला. दुसरा कानावर. मी लगाम सोडला नाही. मागची माणसं एकेक करून खाली उतरली आणि पायी चालू लागली. ते मात्र वर बसून राहिले, शिव्या देत.

बसू देत. रस्ता हाच आहे, आणि मी रोज इथेच असतो. निघाले की आडवा जाणार. अंगावर घातली तरी हटणार नाही.