दाजींच्या पोटऱ्या

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, आणि मी खामगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. शाळेत माणसाच्या स्नायूंचा एक तक्ता होता. पण वाळवीने तो खालून खाल्ला होता. त्यातल्या माणसाला गुडघ्याखाली काहीच उरलं नव्हतं, आणि मला नेमका पायाचा धडा घ्यायचा होता.

त्याच आठवड्यात बीबी गावाहून माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पाहुणे आले. शेतकरी माणूस, तालमीत घुमलेला. आपल्या पोटऱ्यांचा त्यांना भारी अभिमान. धोतर गुडघ्यावर खोचून मुद्दाम भर बाजारातून चालायचे. जावयाला असं कसं विचारायचं, म्हणून मी चाचरतच विषय काढला.

"मले काय करा लागते?"

"टेबलावर उभं राहायचं. मी सांगेन तेव्हा टाचा उचलायच्या."

"बस? चाल मंग!"

दुसऱ्या दिवशी वर्गात टेबलावर चढून दाजींनी टाचा उचलल्या आणि पोटऱ्यांत टरारून गोळे वर आले. पोरं आ वासून बघत राहिली. मी छडीने दाखवू लागलो. हा वरचा, दिसणारा स्नायू. त्याच्याखाली दडलेला दुसरा, चपटा. दोघं मिळून टाचेमागची ही जाड धोंडशीर वर ओढतात, म्हणून टाच उचलली जाते. पुढे नडगीला लागून आहे तो उलटं काम करतो. तो पाऊल वर खेचतो.

"पुन्हा एकदा!" मागून कोणीतरी ओरडलं.

दाजींना तेवढंच पुरे होतं. माझं शिकवणं संपलं तरी त्यांच्या टाचा थांबेनात. मी हळूच म्हणालो, "दाजी, झालं आता."

"पाहू दे ना बे पोराइले!"

आणि एकदम "मेलो!" अशी आरोळी ठोकून ते टेबलावर बसले. उजव्या पोटरीत पेटका आला होता. मी त्यांचा गुडघा सरळ दाबून धरला आणि पाऊल त्यांच्याच अंगाकडे ढकलायला लागलो, म्हणजे पोटरी ताणली जावी.

"सोड बे! पाय तुटते माहा!"

एवढ्यात हेडमास्तर दारात. पाहतात तो, विज्ञानाचे मास्तर एका पहिलवानाचा पाय धरून त्याच्याशी झटताहेत.

"काय चाललंय हे?"

"सर, पोटरीचा धडा," मी म्हणालो.

हेडमास्तर आल्या पावली परतले. पेटका सुटला. सहामाहीच्या परीक्षेत अख्ख्या वर्गाने पोटरीचं उत्तर बरोबर लिहिलं. फक्त निम्म्या पोरांनी त्या स्नायूचं नाव 'दाजी' असं दिलं होतं.

बहीण माझ्यावर चिडली. जावयाला तमाशात उभं केलं म्हणाली. दाजी मात्र खुशीत होते. दिवाळीला भेटले, तेव्हा बाही वर सारत मला म्हणाले, "काऊन रे, हाताचा धडा कधी हाय?"